गाडी जुनी, गिअरबॉक्स कुठला?

जुनी गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे घरातला प्रत्येक माणूस तपासनीस होतो. कोणी दार उघडझाप करून पाहतो, कोणी टायरला लाथ मारतो, कोणी बॉनेट उघडून सगळे समजल्यासारखी मान हलवतो. आजोबा 'ॲक्सिडेंटची नाही ना?' हा एकच प्रश्न तीनदा विचारतात. इंजिन, बॅटरी, विमा, किलोमीटर, सगळ्याची चौकशी होते. गिअरबॉक्सपाशी आलो की मात्र चौकशी आटोपते. 'ऑटोमॅटिक आहे' असे विकणाऱ्याने सांगितले की आपण समाधान मानतो.

पण वाचकहो, ऑटोमॅटिक म्हणजे कुठला? हा प्रश्न पैशाचा आहे. कोणते तेल घालायचे, कोणती फिल्टर, कोणती किट, दुरुस्तीला किती खर्च, आणि ती दुरुस्ती आपल्या गावात होईल की नाही, हे सारे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. गाड्यांशी माझा संबंध स्कूटरपुरता. तरीही या विषयात मी ओढली गेले आणि थोड्याच दिवसांत लक्षात आले की हे काम आमच्याच जातकुळीचे आहे. ताम्रपट खरा की खोटा हे ठरवताना आम्ही आधी कागदपत्र पाहतो, मग वस्तू पाहतो, मग दोघांचा मेळ बसतो का ते तपासतो. जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स ओळखायची रीतही तीच.

एक कंपनी, अनेक गिअरबॉक्स

अमेरिकेत पिकअप ही गाडी आपल्याकडच्या बैलगाडीइतकी घरगुती. शेतकरी, सुतार, प्लंबर, सगळ्यांकडे असते. चाळीस-चाळीस वर्षे जुन्या पिकअप तिथे रस्त्यावर धावतात. तिथल्या बहुतेक पिकअप ऑटोमॅटिक, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कारण एकाच नावाच्या, एकाच वर्षाच्या, बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन गाड्यांच्या पोटात दोन वेगळे गिअरबॉक्स असू शकतात.

याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा 'हायड्रा-मॅटिक'. तो १९४० च्या ओल्डस्मोबाईल गाड्यांत आला. पुढे त्याची मागणी इतकी वाढली की मिशिगन राज्यातल्या लिव्होनिया गावी त्याचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. १२ ऑगस्ट १९५३ रोजी हा कारखाना आगीत जळून खाक झाला. उत्पादन विलो रनच्या कारखान्यात हलवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात याच ठिकाणी बी-२४ बॉम्बर विमाने बनत होती. पण मधल्या काळात गाड्या तर बाहेर पडल्या पाहिजेत! म्हणून काही कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबाईल गाड्यांना ब्यूइकचा 'डायनाफ्लो' बसवला, तर काही पाँटिॲकना शेव्हरोलेचा 'पॉवरग्लाइड'. म्हणजे बाहेरची पाटी एक आणि पोटातले यंत्र दुसऱ्या घरचे, ही परंपरा कंपनीच्या दारातूनच सुरू झाली.

त्यानंतर जनरल मोटर्सचेच गिअरबॉक्स पाहिले तरी यादी लांबते. १९६४ मध्ये 'टर्बो हायड्रामॅटिक ४००' आला, १९६९ मध्ये त्याचा धाकटा भाऊ '३५०'. दोघेही तीन गिअरचे. १९८२ मध्ये '७००आर४' आला, तो चार गिअरचा. त्याचा चौथा गिअर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन संथ आणि गाडी वेगात. याच ७००आर४ ला १९९० च्या सुमारास '४एल६०' असे नाव मिळाले आणि १९९३ पासून इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा '४एल६०-ई' आला. या नावात ४ म्हणजे चार गिअर, एल म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसणारा, ६० हा ताकदीचा दर्जा आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. जड पिकअपना १९९१ पासून '४एल८०-ई' मिळाला. फोर्ड आणि डॉज यांची घराणी वेगळीच.

भाच्याची पिकअप

माझ्या चुलतभावाचा मुलगा डेट्रॉइटजवळ राहतो. लिव्होनिया त्याच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. संगणकाची नोकरी गेली तेव्हा सुदैवाने ग्रीन कार्ड हातात होते. दुसरी नोकरी लवकर मिळेना, म्हणून एका मित्राबरोबर त्याने लाकडी कुंपणे आणि अंगणातले लाकडी कट्टे बांधून द्यायचे काम सुरू केले. हात पहिल्यापासूनच कसबी. फळ्या वाहायला पिकअप हवी होती. नवीन परवडणारी नव्हती. १९८४ ची एक शेव्हरोले सी-१० त्याला सहा हजार डॉलरला सापडली. शिल्लक रकमेतला मोठा वाटा तिच्यात जाणार होता. दादा-वहिनींचे धाबे दणाणले. "चाळीस वर्षांची गाडी? ती रस्त्यात बंद पडली तर काम बंद, आणि काम बंद तर घर बंद," दादांचे म्हणणे.

विकणारा सांगत होता, "गिअरबॉक्स ३५० आहे, मरत नाही." ३५० ची ख्याती तशी आहेच. साधा, दणकट, कुठेही दुरुस्त होणारा. भाच्याने गाडी चालवून पाहिली. चढावर गिअर बदलताना इंजिन क्षणभर मोकळेच ओरडते, असे त्याला वाटले. मग त्याने आम्हाला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला. त्याच्याकडे सकाळचे नऊ, इथे बेळगावात संध्याकाळचे साडेसहा. दादांनी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीमामांना बोलावून आणले होते. मामांनी आयुष्यभर उद्यमबागेत गॅरेज चालवले. घरात कन्नड, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि इंजिनाशी दोन्ही. दोन रात्री जागून काढलेली टिपणे घेऊन मीही बसले होते.

आधी कागद

पहिला कागद म्हणजे गाडीचा क्रमांक. १९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेत १७ अक्षरांचा ओळख-क्रमांक आला. त्यातले दहावे अक्षर वर्ष सांगते. या गाडीचे 'ई' होते, म्हणजे १९८४. इंजिनाचा पत्ताही त्या क्रमांकात लागतो. गिअरबॉक्सचा मात्र सहसा लागत नाही.

दुसरा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात. जनरल मोटर्स त्या काळात तिथे एक चिठ्ठी चिकटवत असे आणि कारखान्यात गाडीला जे जे बसवले त्याचे तीन-तीन अक्षरांचे संकेत तिच्यावर छापत असे. एम३८ म्हणजे ३५०, एम४० म्हणजे ४००, पुढच्या काळात एमटी१ म्हणजे ४एल८०-ई. फोर्डमध्ये ही माहिती ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत 'टीआर' या रकान्यात मिळते. भाच्याने कप्पा उघडला. चिठ्ठी पिवळी पडलेली, पण एम३८ स्पष्ट वाचता आले. म्हणजे विकणारा खरे बोलत होता?

इथेच इतिहासाचा पहिला धडा. ती चिठ्ठी १९८४ साली कारखान्यातून काय निघाले ते सांगते. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत कोणी काय बदलले ते तिला ठाऊक नसते.

मग वस्तू

आता गाडीखाली जायचे. मिस्त्रीमामांनी आधी दम भरला. "तम्मा, नुसत्या जॅकवर विसंबून खाली जायचं नाही हां. स्टँड लाव, चाकामागं लाकडाचे ठोकळे घाल, हँडब्रेक ओढ. मगच केळग होगि नोड." ही सूचना प्रत्येकाने लक्षात ठेवावी. जॅक गाडी उचलण्यापुरता असतो. माणूस खाली असताना तिला पेलून धरणे हे त्याचे काम नव्हे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तळाला पत्र्याचे तेलाचे चेंबर असते आणि ते कडेने बोल्टनी आवळलेले असते. या चेंबरचा आकार आणि बोल्टची संख्या हीच त्याची सर्वांत सोपी ओळख. दोन गिअरचा पॉवरग्लाइड : १४ बोल्ट. ३५० : १३ बोल्ट, जवळजवळ चौकोन आणि एक कोपरा कापलेला. ४०० : बोल्ट तेराच, पण आकार लांबट आणि वेडावाकडा. ७००आर४ : १६ बोल्ट, साधारण चौकोनी. ४एल८०-ई : १७ बोल्ट. डोक्यावर टॉर्च, हातात फोन, मिशिगनच्या बर्फावर टाकलेल्या मिठाने सगळे गंजलेले, अशा अवस्थेत भाचा मोजू लागला.

"बोल्ट एणसि हेळ," मामा ओरडले.

"हदिनारु!" खालून आवाज आला.

"हदिमूर अल्ल?"

"नाही मामा, सोळा! हदिनारु!"

तेरा आणि सोळा कन्नडमध्ये कानाला जुळे वाटतात, त्यातून नेटवर्क तुटक. मामांनी फोटो मागवला, चष्मा लावला आणि पेन्सिलीने एकेक बोल्टवर बोट ठेवल्यासारखे मोजले. सोळाच होते. कोपराही कापलेला नव्हता.

म्हणजे कागद म्हणत होता ३५०, आणि वस्तू म्हणत होती ७००आर४. पण एकाच पुराव्यावर निकाल द्यायचा नसतो. १६ बोल्ट इतरही काही गिअरबॉक्सना असतात, ४एल६०-ई लाही असतात. म्हणून आणखी साक्षी काढल्या.

३५० आणि ४०० या दोघांच्या बाजूला डबीसारखा गोल भाग असतो आणि इंजिनाची व्हॅक्यूमची नळी त्याला येऊन मिळते. इथे तसली डबी नव्हती. ४एल६०-ई ला विजेच्या तारांचा मोठा जोड असतो, तोही नव्हता. चालवताना गिअर मोजायला सांगितले होते. तीन गिअरच्या गाडीत दोनदा बदल जाणवतो, चार गिअरच्या गाडीत तीनदा, आणि नंतर टॉर्क कन्व्हर्टर लॉक होताना आणखी एक हलका झटका लागतो. भाच्याने मोजलेले बदल तीन होते. स्टिअरिंगखालच्या दांड्याची सुई अक्षरांवर नीट बसत नव्हती, कारण ती पट्टी जुन्या गिअरबॉक्सच्या हिशेबाने छापलेली होती. शेवटची साक्ष क्रमांकाची. जनरल मोटर्स गाडीच्या क्रमांकाचा काही भाग गिअरबॉक्सवरही ठोकत असे. गंज घासून पाहिल्यावर तिथले आकडे गाडीच्या आकड्यांशी जुळले नाहीत. खटला संपला. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीतून आलेला ७००आर४ होता.

एका केबलची गोष्ट

"मग बिघडलं काय? तीनच्या जागी चार गिअर मिळाले की!" दादा म्हणाले. प्रश्न रास्तच होता. ७००आर४ वाईट नव्हे. त्याचा पहिला गिअर ३.०६ पटीचा, ३५० चा २.५२ पटीचा, म्हणजे ओझे घेऊन निघताना ७००आर४ जोर जास्त देतो. चौथा गिअर ०.७० पटीचा, म्हणजे हायवेवर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे तीस टक्क्यांनी कमी. फळ्या वाहणाऱ्याला आणि पेट्रोलचे पैसे मोजणाऱ्याला तो सोयीचाच.

पण त्याचे एक पथ्य आहे. ऑटोमॅटिकच्या पोटात क्लचप्लेटांचे गठ्ठे असतात आणि तेलाचा दाब त्यांना आवळून धरतो. जोर जास्त लागला की दाबही वाढला पाहिजे. ७००आर४ मध्ये इंजिनावर किती जोर आहे ही खबर एक केबल देते. ती कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत येते. ३५० लाही अशीच दिसणारी केबल असते, पण तिचे काम मर्यादित : ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गिअर खाली आणणे. ती ढिली असली तर ओव्हरटेक करताना गाडी आळसावते, एवढेच. ७००आर४ ची केबल ढिली असली किंवा चुकीच्या जागी जोडलेली असली, तर भर ओझ्यात दाब कमी पडतो, प्लेटा घसरतात आणि जळतात. थोड्याच अंतरात चांगला गिअरबॉक्स भंगारात जमा होऊ शकतो.

मामांनी ७००आर४ आयुष्यात पाहिला नव्हता. पण मी हे वाचून दाखवताच त्यांनी भाच्याला बॉनेट उघडायला लावले. "केबल कुठं बांधलीय बघ." कार्ब्युरेटर नंतर कधीतरी बदललेला होता. त्याला योग्य पट्टी नव्हती, आणि केबल साध्या तारेने अडकवली होती. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ती निम्मीच ताणली जायची. आधीच्या मालकांपैकी कोणीतरी ७००आर४ बसवला होता आणि केबल मात्र ३५० च्या समजुतीने बांधून सोडली होती. चढावर इंजिन ओरडत होते ते यामुळे.

मग तेल पाहिले. गाडी सपाटीवर उभी, इंजिन गरम आणि चालू, दांडा पार्कवर, अशा स्थितीत काडी काढून पांढऱ्या कागदावर थेंब टिपायचा. तेल लाल आणि स्वच्छ असले तर उत्तम. तपकिरी आणि करपलेल्या वासाचे असले तर प्लेटा जळू लागल्या असे समजावे. चमकणारे कण दिसले तर धातू झिजतोय. भाच्याचा थेंब तपकिरी होता, वास किंचित करपट, कण नव्हते. म्हणजे दुखणे होते, पण वेळ गेलेली नव्हती.

भाच्याने फोटो, चिठ्ठी आणि आकडे विकणाऱ्यापुढे ठेवले. तोही बिचारा तिसरा-चौथा मालक. त्याने चिठ्ठी वाचली होती, बोल्ट मोजले नव्हते. सौदा चार हजार सहाशेवर आला. भाच्याने गाडी न चालवता टो करून गिअरबॉक्सच्या कारागिराकडे नेली. तिथे योग्य पट्टी बसवली, केबल जुळवली, दाबाचे मीटर लावून खात्री केली, चेंबर उतरवून तेल आणि फिल्टर बदलली. वर्ष-दोन वर्षांत गिअरबॉक्स उघडावा लागेल असे कारागिराने आधीच सांगून ठेवले, आणि भाच्याने उरलेले चौदाशे डॉलर त्यासाठी वेगळे ठेवले. कुंपणांचे काम चालू आहे. वहिनींनी तेव्हापासून मिस्त्रीमामांकडे दर संकष्टीला मोदक पाठवायचा नेम केला आहे.

आपल्या दारातली ऑटोमॅटिक

आता कोणी म्हणेल, अमेरिकेतले बोल्ट मोजून आम्हाला काय मिळणार? आपल्याकडे ऑटोमॅटिक पिकअप मोजक्याच. इसुझूची व्ही-क्रॉस २०१९ पासून सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये मिळू लागली. २०२२ मध्ये आलेली टोयोटाची हायलक्स मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक अशा दोन्ही रूपांत आली. तिच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाचा जोर मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर, म्हणजे गिअरबॉक्स बदलला की इंजिनाचा आकडाही बदलतो.

पण मोटारींचे तसे नाही. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून स्वस्त ऑटोमॅटिकची लाट आली आणि त्या गाड्या आता जुन्या बाजारात मुबलक दिसतात. केए-२२, एमएच-०९, जीए, कुठलीही पाटी घ्या. आरसी बुकात गिअरबॉक्सचा वेगळा रकाना नसतो. म्हणून ओळख आपणच पटवायची. आपल्याकडे मुख्य प्रकार चार.

एएमटी : हा मुळात मॅन्युअलच गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर यंत्र दाबते इतकेच. मारुती याला एजीएस म्हणते. दांड्यावर सहसा 'पी' नसतो, गिअर बदलताना गाडी मान हलवल्यासारखी डुलते. दुरुस्ती तुलनेने सोपी, पण क्लचप्लेट मॅन्युअलसारखीच झिजते.

टॉर्क कन्व्हर्टर : भाच्याच्या पिकअपचाच आधुनिक वंशज. ब्रेक सोडला की गाडी आपोआप अलगद सरकते, बदल मऊ असतात.

सीव्हीटी : यात गिअरच्या पायऱ्याच नसतात, पट्टा आणि सरकत्या पुली असतात. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज एका सुरात चढून राहतो. ह्युंदाई याला आयव्हीटी म्हणते.

डीसीटी : दोन क्लचचा. फोक्सवॅगन-स्कोडाचे डीएसजी आणि टाटाचे डीसीए याच जातीचे. बदल विजेसारखा. कोरड्या क्लचचा डीसीटी रांगत्या गर्दीत तापतो, म्हणून चोर्ला घाटात ट्रकमागे रांगावे लागणाऱ्यांनी हा मुद्दा जरूर पाहावा.

या चारही प्रकारांची तेले वेगळी. अमेरिकेतही फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांची तेले स्वतंत्र, पण बहुतेकांचा रंग लाल. रंग पाहून तेल ओतणारा माणूस गिअरबॉक्सला विषही अमृत समजून पाजू शकतो. गाडीच्या पुस्तिकेत तेलाचा जो प्रकार लिहिला आहे तोच घालावा.

तेव्हा जुनी ऑटोमॅटिक घेताना चार गोष्टी क्रमाने कराव्यात. कागद आणि पुस्तिका वाचावी. दांड्यावरची अक्षरे पाहावीत. गाडी थंड असताना एकदा आणि तापल्यावर एकदा, चढावासकट चालवून बदल मोजावेत. आणि पैसे देण्याआधी ओळखीच्या मिस्त्रीला गाडी खालून दाखवावी. त्याची मजुरी पाचशे-हजार होईल, ती आनंदाने द्यावी. विकणारा प्रामाणिक असला तरी त्याला जे माहीत नाही ते तो सांगणार कसा?